‘क्लॅमरस’ हा शब्द मी सुचवला होता

मागणाऱ्या माणसाचा आवाज जसजसा चढत जातो, तसतसे त्याला लावायचे इंग्रजी शब्द बदलतात. मला ते सगळे येतात. अगदी दबक्या आवाजापासून कानठळ्या बसेपर्यंत एका रांगेत उभे करून दाखवीन. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी चोवीस वर्षं नोकरी केली, स्टेनो म्हणून लागले, आणि त्यातली पहिली तीन-चार वर्षं मला या शब्दांचा फार अभिमान होता. आता त्यांचा राग येतो. ज्यांनी ते शिकवले त्यांचाही येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

संपादकांनी ‘नोकरीतल्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. एक गंमत आहे, ती आधी सांगून टाकते. त्यानंतरचं गमतीचं नाही.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आम्ही जैन, घरी शेती. कोल्हापुरात शाहूपुरीला मामांकडे राहून मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, टायपिंग शिकले, शॉर्टहँड शिकले. साठीचं दशक संपत आलं होतं. मगदुमांच्या घरातली मुलगी फाउंड्रीत पुरुषांमध्ये बसून नोकरी करणार म्हटल्यावर वडील चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “तिथं काय लिहायचं असतं?” मी सांगितलं, “साहेब बोलतील ते.” “आणि साहेब खोटं बोलले तर?” मी हसले होते. वडील शेतकरी होते, त्यांना ऑफिस माहीत नव्हतं असं मला वाटलं होतं.

आमच्या कारखान्यात ऑइल इंजिनांचे भाग ओतत. हेड ऑफिस मुंबईला. वर्क्स मॅनेजर प्रधानसाहेब. ते दर महिन्याला मुंबईला एक अहवाल पाठवत, आणि तो इंग्रजीतच जायचा. साहेबांना मराठी येत नव्हतं असं कुणी समजू नका. ते पुण्याचे होते आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. कामगार समोर उभा राहून जे सांगे त्यातला शब्द न् शब्द त्यांना कळायचा. पण कागदावर उतरायचं ते इंग्रजीत. “मराठीत तक्रार असते, मिस मगदूम,” ते म्हणत, “इंग्रजीत रिपोर्ट असतो.”

स्टेनोचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. साहेब बोलतात, आपण वहीत रेघा, आकडे, ठिपके काढत जातो. जाड रेघ म्हणजे एक अक्षर, बारीक म्हणजे दुसरं. मग मशीनवर बसून त्या रेघांचं पत्र करायचं, कार्बन घालून पाच प्रती. हात चालतो, डोकं नाही, असं लोकांना वाटतं. पण चांगल्या स्टेनोला साहेब अडले की पुढचा शब्द द्यावा लागतो. साहेब खिडकीबाहेर बघत थांबले की ओळखायचं, यांना शब्द सापडत नाहीये. आणि तो द्यायचा. त्यात मी पटाईत होते.

आता ती गंमत. मोल्डर लोकांना, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्यांना, रोज गूळ मिळे. घशात गेलेली धूळ गुळानं खाली जाते अशी समजूत. एकदा दोन आठवडे गूळ आला नाही. कोल्हापुरात गुळाचा तुटवडा म्हणजे पंचगंगेत पाण्याचा तुटवडा! मोल्डर ओरडू लागले. त्यांची युनियन होती. साहेबांनी अहवालात सांगितलं, मोल्डर ‘अप इन आर्म्स’ आहेत. म्हणजे खवळले आहेत; शब्दशः धरलं तर हत्यारं उपसली आहेत. मुंबईत तो अहवाल कुणा नव्या माणसानं वाचला आणि उलट तार आली, हत्यारं कसली आहेत, पोलीस बंदोबस्त मागवला आहे का? आम्ही ऑफिसात पोट धरधरून हसलो. साहेबांनी तार मोल्डरांच्या पुढाऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “सायेब, लिवा की, गुळाची ढेप हाय म्हनून!” दुसऱ्या दिवशी गूळ आला.

मीही हसले. एका शब्दानं गुळाची तलवार होते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला फक्त गंमत कळली.

कारखान्यात बायकाही होत्या. चौदा जणी, सगळ्या कोअरच्या शेडमध्ये. इंजिनाचा भाग आतून पोकळ हवा असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गोळा करून साच्यात ठेवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. बारीक वाळूत काकवी आणि जवसाचं तेल घालून ती मळायची, लाकडी पेटीत दाबून आकार काढायचा, आणि पत्र्याच्या ताटात मांडून भट्टीत भाजायचा. भाकरी करणाऱ्या हातांना हे चांगलं जमतं, म्हणून बायका. भट्टी दगडी कोळशाच्या कोकवर चाले. काकवी आणि तेल जळलं की जो धूर सुटतो तो डोळ्यांत मिरचीसारखा झोंबतो. तो वर न्यायला पत्र्याचं धुराडं होतं. पण ते छताच्या खाली हातभर अंतरावर गंजून फुटलं होतं, त्यामुळे धूर वर जायच्या ऐवजी शेडमध्येच पसरे. पावसाळ्यात तर कच्चे कोअर सर्दावतात म्हणून शेडच्या खिडक्याही बंद करत.

या बायकांची युनियन नव्हती. त्यांची अक्काताई होती.

अक्काताई मूळची कोडोलीची, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली, चाळिशीची, उंच, आवाज असा की वाळूची चक्की आणि हातोडे यांच्या आवाजावरून मैदानापलीकडे ऑफिसात स्वच्छ ऐकू यावा. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, तशीच तीही. तिच्या शेजारी कामाला हौसा होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, अंगानं बारीक. ती कधीच बोलायची नाही. तिला काही हवं असलं तर ती अक्काताईच्या कानात सांगे आणि मग ते साऱ्या कारखान्याला कळे.

मृगाच्या आधी दोघी पहिल्यांदा ऑफिसात आल्या. दाराबाहेर चपला काढल्या, पदर सावरला. मी आत डिक्टेशन घेत होते.

“सायेब, धुराडं फुटलंय. पाऊस लागायच्या आत तेवढं बगा,” अक्काताई म्हणाली. “धूर डोळ्यात गेला तर पदरानं पुसाय येतंय, पर ह्यो छातीत जातोय. ही हौसा रातभर खोकतीया.”

“बघू,” साहेब म्हणाले.

त्या गेल्या आणि साहेबांनी अहवालाचं वाक्य सांगितलं. कामगार स्त्रियांनी कामाच्या परिस्थितीबद्दल ‘रिप्रेझेंटेशन’, म्हणजे निवेदन, केलं आहे. मी विचारलं, “सर, धुराड्याचं घालायचं का?” ते म्हणाले, “डिटेल्स नकोत. मुंबईला धुराड्यात इंटरेस्ट नाही.” मी घातलं नाही.

इथं एक गोष्ट कबूल करायची आहे, ती सोपी नाही. मी तेव्हा मराठी शॉर्टहँडच्या वरच्या परीक्षेची तयारी करत होते. मिनिटाला शंभर शब्द यायला हवे होते, आणि सरावासाठी भरभर बोलणारं माणूस हवं होतं. अक्काताईइतकं भरभर कोण बोलणार? म्हणून ती बोलायला लागली की मी वहीच्या मागच्या पानांवर तिचं बोलणं जसंच्या तसं टिपून घेई, वर तारीख, खाली शब्दांची संख्या. ती श्वासासाठी भांडत होती आणि मी तिचे शब्द मोजत होते. एकदा नव्वद भरले तेव्हा मला आनंद झाला होता.

पाऊस सुरू झाला, खिडक्या लागल्या. या वेळी सहा जणी आल्या. अक्काताईचे डोळे लाल होते.

“सायेब, म्हैनं झालं सांगून. एक पत्रा बडवून बसवायचा तर हिथं पत्र्याचीच मानसं हायती की. न्हाय तर एक पंखा तरी लावा भिताडाला.”

साहेब म्हणाले, “अर्ज द्या.”

“अर्ज कुनाला येतोय लिवाय? तोंडानं सांगतोय न्हवं?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला अर्ज लिहिता येत होता. मी वहीत पाहिलं. त्या महिन्याच्या अहवालात बायका त्यांच्या मागण्या ‘प्रेस’ करत, म्हणजे रेटत, होत्या. मागण्या कोणत्या, ते नव्हतं.

तिसऱ्या वेळी चौदाच्या चौदा जणी काम सोडून मैदानात आल्या. भरदुपारी, भुरभुर पावसात. कुणी आत आलं नाही. अक्काताई तिथूनच ओरडली, आणि ते ऑफिसात, स्टोअरमध्ये, गेटवर, सगळीकडे ऐकू आलं.

“ओ सायेब! भाईर या! एक तासभर आमच्या शेडात बसून दावा! तुमास्नी खोकला न्हाय आला तर मी नोकरी सोडतो! जनावराच्या गोठ्याला बी झरोका ठेवत्यात, आमास्नी न्हाय व्हय?”

मोल्डर काम थांबवून बघायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली, हशा पिकला. प्रधानसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना ओरडण्याचा राग आला नव्हता, मोल्डर हसले त्याचा आला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मला खास पत्र घ्यायला बोलावलं. वाक्य सुरू केलं, कोअर शॉपच्या स्त्रिया आता फार... आणि खिडकीबाहेर बघत थांबले. “लाउड? नाही, लाउड बाजारू वाटतं. नॉइझी म्हणजे शाळेतली पोरं. मागणी आहे, गोंगाट आहे, आणि थांबत नाहीयेत. काय म्हणावं?”

मी म्हणाले, “सर, क्लॅमरस.”

ते वळले आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना बक्षीस दिलं होतं. “वा, मिस मगदूम! क्लॅमरस! आणि पुढं घ्या, इन्क्रीझिंगली व्होसिफरस.” दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ तोच. दुसरा फक्त सजावटीला. पत्र छान झालं. चौदा स्त्रिया, दोन भारदस्त शब्द, आणि धूर हा शब्द कुठंही नाही. मी ते सुंदर मार्जिन ठेवून टाइप केलं. घरी जाताना मी खूश होते, हेही लिहायला हवं.

मुंबईहून उत्तर आलं, म्होरक्याशी कडक वागा. त्यांनी कधी विचारलं नाही की त्या बायका कशासाठी ओरडतात. कसं विचारतील? ‘क्लॅमरस’ म्हटल्यावर ‘कशासाठी’ हा प्रश्न पडतच नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याला कुणी विचारतं का?

अक्काताईला सस्पेंड केलं. आरोपपत्र इंग्रजीत होतं, ते तिला मराठीत समजावून सांगायचं काम माझं. मी वाचलं, “गोंगाट करून कामात अडथळा आणला.”

“व्हय, आनला की,” ती म्हणाली. “आनि धुराड्याचं?”

“ते यात नाही.”

“बरं,” म्हणून तिनं अंगठा उठवला. शाई पुसायला मी चिंधी पुढं केली. ती न घेता ती तशीच निघून गेली. गेटावर तेरा जणींना साहेबांनी जाहीर ताकीद दिली, इथून पुढं मिस्त्रीला विचारल्याशिवाय जी जागा सोडेल ती घरी जाईल. तेरा जणींनी माना खाली घातल्या. शेड शांत झाली. त्या महिन्याच्या अहवालात साहेबांनी सांगितलं, ‘परिस्थिती पूर्ववत शांत आहे.’

श्रावणात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी मशीनवर बिलं टाइप करत होते. खिडक्या बंद, भट्टी भरलेली, धुराड्याची फट आणखी मोठी झालेली. कोकच्या निखाऱ्यातून एक वायू सुटतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. काकवीचा धूर निदान डोळ्यात झोंबून सांगतो तरी. हा सांगत नाही.

पुढचं मला त्या बायकांनीच नंतर सांगितलं. हौसानं आधी डोकं दुखतंय म्हटलं. मग ती टेबलावर डोकं टेकून बसली. शेजारणीला वाटलं, रात्री झोप नसेल. तिला बाहेर न्यायचं तर जागा सोडावी लागणार, आणि मिस्त्री ट्रकमध्ये माल भरायच्या जागी गेलेला. विचारायचं कुणाला? त्या थांबल्या. थांबता थांबता आणखी दोघींचे पाय गेले, तेव्हा एकीनं मागचं पुढचं न बघता दार उघडलं आणि सगळ्या ओढतखरडत पावसात आल्या. दोघी पावसात शुद्धीवर आल्या. हौसा आली नाही. कारखान्याच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पाहून मान हलवली.

मैदानापलीकडे मी बसले होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. अक्काताई असती तर साऱ्या पेठेला ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डिक्टेशन दिलं. एका कामगार स्त्रीला आधीपासून छातीचा विकार होता. भट्टीबद्दल कुठलीही निश्चित तक्रार व्यवस्थापनाकडे कधीही आलेली नव्हती. मी ते घेतलं. टाइप केलं. पाच प्रती. तुम्ही म्हणाल, तेव्हाच उठून का नाही सांगितलं? मीही तेच म्हणते. पण त्या दिवशी माझी बोटं मशीनवर नेहमीच्या वेगानं चालत होती आणि एकही चूक झाली नाही. मला सगळ्यात जास्त चीड त्या बिनचूक पानाची येते.

आठवड्याभरानं सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, पावसानं भिजलेला रुमाल खुर्चीच्या पाठीवर वाळत घालणारे. त्यांनी अहवालांची फाइल मागितली आणि आमच्यासमोर पान न् पान वाचली. मग बोट ठेवून विचारलं, “क्लॅमरस. कशासाठी?”

साहेब म्हणाले, “सटरफटर मागण्या. चहा, सुट्टी, पंखे. या लोकांचं नेहमीचंच असतं.”

“भट्टीबद्दल?”

“निश्चित अशी काही नाही. असती तर रिपोर्टमध्ये आली असती.”

ते वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. रिपोर्टमध्ये आली असती! ज्या माणसानं ‘डिटेल्स नकोत’ म्हटलं, तो म्हणत होता की रिपोर्टमध्ये नाही म्हणजे ती तक्रारच नव्हती. आणि तो शब्द माझा होता. माझ्याच शब्दानं ते हौसाला झाकत होते.

इन्स्पेक्टरांनी उपचार म्हणून मला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

मी म्हणाले, “माझ्याकडे वह्या आहेत.”

“कसल्या वह्या?” साहेबांनी विचारलं.

मी खणातून दोन वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मागची पानं उघडली. साहेबांनी पाहिलं आणि हसले. “या रेघोट्या? यात काहीही लिहिलेलं असू शकतं. आणि वह्या कंपनीच्या आहेत.”

“वह्या कंपनीच्या आहेत, सर,” मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की मला स्वतःला तो ओळखता आला नाही. “रेघा माझ्या आहेत. आणि बोलणं त्या बायकांचं आहे. तुमच्यासमोर बोललेलं.”

“मिस मगदूम, ओरडू नका.”

“ओरडणार!”

इन्स्पेक्टरांनी हात वर केला. ते म्हणाले, “तुम्ही वाचलंत तर हे म्हणतील तुम्ही रचून वाचता. वह्या मी नेतो. आमच्याकडचा माणूस वाचेल.”

दोन दिवसांनी ते त्यांच्या ऑफिसातले एक वयस्क स्टेनो घेऊन आले. जाड चष्मा, कडक इस्त्रीची टोपी. त्यांचा आमच्या कारखान्याशी काहीही संबंध नव्हता, अक्काताईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मला इन्स्पेक्टरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. साहेब टेबलापाशी, दाराशी उरलेल्या बारा जणी उभ्या. त्या माणसानं वही डोळ्यांजवळ धरली आणि तलाठ्यानं सातबारा वाचावा तशा सपाट, कोरड्या आवाजात, अडखळत वाचायला सुरुवात केली.

“साहेब... धुराडं... फुटलंय. पाऊस लागायच्या आत तेवढं... बघा. धूर डोळ्यात गेला तर... पदरानं पुसाय येतंय... पर हा छातीत जातोय. ही... हौसा... रातभर खोकतीया.”

दाराशी उभी असलेली एक जण मटकन खाली बसली. तो माणूस थांबला नाही. तारीख वाचली, शब्दांची संख्या वाचली, पुढचं पान उलटलं. दुसरी भेट. तिसरी. ‘एक तासभर आमच्या शेडात बसून दावा’ हे वाक्य त्यानं अशा थंडपणानं वाचलं की कुणीतरी किंचाळलं असतं तर बरं वाटलं असतं. तो आवाज न चढवता वाचत होता, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत काय मागितलं होतं ते ऐकू येत होतं.

वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, “हात चांगला आहे तुमचा.” स्टेनोनं स्टेनोला द्यायची शाबासकी. मी बाहेर गेले.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात. आठ दिवसांत नवं धुराडं बसलं. भिंतीला एक नव्हे, दोन पंखे लागले. एक पत्रा आणि दोन पंखे, एवढंच होतं ते. कारखान्यावर खटला झाला, दंड झाला. हौसाच्या घरी भरपाई पोचली आणि तिची मुलगी आजोळी गेली. प्रधानसाहेबांची बदली झाली, कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात, वरच्या जागेवर. निरोप समारंभात त्यांच्या भाषेवरच्या प्रभुत्वाचा उल्लेख झाला. मला साहेबांच्या केबिनबाहेरून उचलून मागं डिस्पॅचमध्ये बसवलं. तिथं पार्सलांवरचे पत्ते टाइप करायचे. बाकीची नोकरी मी तिथंच केली, आणि मला त्याचं दुःख नाही. पत्त्यात खोटं लिहिलं तर पार्सल पोचत नाही.

मराठी शॉर्टहँडची ती परीक्षा मी दिली नाही.

अक्काताईला कामावर परत घ्यायचं ठरलं, आणि ते पत्र घेऊन मी स्वतः तिच्याकडं गेले. पोस्टानं पाठवता आलं असतं. मला वाटत होतं, आपण उभं राहून बोललो, वह्या दिल्या, केबिन गमावली, हे तिला कळावं. खरं सांगायचं तर मला तिच्याकडून दोन शब्द चांगले हवे होते.

ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. वह्यांचं सांगितलं. ती ऐकत राहिली, सूप थांबवून.

“त्या मुंबईच्या कागदावर माज्याबद्दल काय लिवलंतं?” तिनं विचारलं.

मी शब्द सांगितला.

“म्हंजे?”

“म्हणजे... आरडाओरडा करून सारखं मागणारी.”

“मग बरोबरच लिवलंय की,” ती म्हणाली. “वरडतच हुतो मी. सारखं मागतच हुतो.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. “पर कशापायी वरडत हुतो, ते तुमास्नी ठावं हुतं. तुमी तितंच बसला हुता, लिवत. मग त्यो शबूद लिवला, तवा त्येच्या म्होरं ‘धुरापायी’ एवढं का न्हाय लिवलंसा, बाई?”

मी पत्राची घडी करून उंबऱ्यावर ठेवली. मग तिनं सूप उचललं आणि उरलेली ज्वारी पाखडायला लागली.